योद्ध्याचा ढिला गुडघा

काल कर्वेनगरच्या घरात लेकीने नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या उग्र वासाने मला थेट बिबवेवाडीच्या जुन्या घरात नेलं.

आईच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया होती. दवाखान्यात एकालाच थांबता येत होतं, म्हणून दादा गेला. घरी मी आणि बाबा. बाबा खिडकीपासून दारापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. दादाला खेळण्यातले योद्धे जमवायचा नाद. मध्येच बाबांनी त्याच्या कपाटातून त्यातला एक काढला. गुडघा ढिला झाल्याने तो उभाच राहत नव्हता.

"तुझं ते बिनरंगाचं नेलपॉलिश दे," ते म्हणाले.

त्यांनी पाय खेचून काढला, सांध्यावर पातळ थर दिला, वाळल्यावर पाय पुन्हा बसवला आणि हलवून पाहिला. अजून ढिलाच. पुन्हा थर. पंख्याने तो वास घरभर पसरला. अशा वेळी बाबांचं खेळण्यात मन कसं रमतं, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आज त्यांच्या वयाची झाल्यावर कळतं, मन कुठेच रमत नव्हतं. हातांना काहीतरी काम हवं होतं.

फोन वाजला. बाबा जागचे हलले नाहीत. "तू घे. माझे हात चिकट आहेत."

दादाच होता.

"आई शुद्धीवर आली," मी बाबांना सांगितलं. "विचारतेय, तुम्ही जेवलात का."

"बरं," बाबा म्हणाले. योद्धा टेबलावर ठेवून ते बेसिनपाशी गेले आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले.