दत्तारामला न चालणारे अंजीर

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातांनी जाऊ नये, हे ज्या कुणी ठरवलं असेल त्याला एकदा कन्नमवारनगरात आणून आमच्या शेजारच्या प्रेमाच्या स्वयंपाकघरात उभं करायला पाहिजे. ओट्याखाली शहाळी, फ्रीजवर केळी, आणि डब्यांच्या मागे, डब्यांच्या पुढे, डब्यांवर अंजीर. माळेतले अंजीर, पाकिटातले अंजीर, कुणाच्या तरी मुलाने दुबईहून आणलेले चांदीच्या कागदातले अंजीर. आणि यातलं काहीही दत्तारामला चालत नाही.

दत्ताराम म्हणजे प्रेमाचा नवरा. विक्रोळीतल्याच एका कारखान्यात लेथवर उभं राहून त्याने आयुष्य काढलं. ब्लडप्रेशरची गोळी आठवली तर घ्यायची, नाही तर नाही, असं करत करत दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा घाटकोपरला डायलिसिस. पाणी मोजून, मीठ नावाला, आणि ज्यात पोटॅशियम जास्त ते बंद. शहाळं बंद, केळं बंद, सुका मेवा बंद. तुमच्या-माझ्या शरीरात जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. दत्तारामचं जात नाही. ते रक्तात साठत राहतं आणि फार साठलं तर हृदय बंद पाडतं. प्रेमाने हे मला भाजी निवडता निवडता सांगितलं आणि मला कळलं. तिच्या सासरच्यांना तिने ताटं वाढून, चहा पाजून, हात जोडून सांगितलं, तरी कळत नाही. "अगं अंजीर ते! अंजिराने कुणाचं वाईट झालंय?"

या बाईचं नशीब बघा, ती कामाला जाते तीही घाटकोपरच्या सुक्या मेव्याच्या दुकानात. दिवसभर अंजिराच्या माळा सोडवायच्या, एकेक दाबून बघायचा, कडक झालेले बाजूला काढायचे, संशय आला तर फोडून आत कीड आहे का पाहायचं. गिऱ्हाईक विचारतं, "काकी, ह्याने काय होतं?" मग प्रेमा सांगते. दोन अंजीर धुऊन पाण्यात भिजत घालायचे, सकाळी चावून खायचे, पोट साफ होतं. हाडांना चांगले. पण गोड आहेत, शुगर असेल तर डॉक्टरला विचारा. हावरटासारखे पाच-सहा खाऊ नका, पोट बिघडेल. आणि ताजे मिळाले तर देठाचा चीक ओठांना लागू देऊ नका, खाज सुटते. किडनीचा त्रास असेल तर मात्र अजिबात नको. हे शेवटचं सांगताना तिचा आवाज बदलतो असं तिथली तेजल म्हणते. तेजल तिच्या शेजारच्या काउंटरवर बसते.

घरी आलेल्या अंजिरांचं काय करायचं? टाकवत तर नाहीत. प्रेमा ते मजल्यावर वाटते. आमच्या मजल्यावर गेली कित्येक वर्षं कुणाला इसबगोल आणावं लागलेलं नाही, ते दत्तारामच्या आजारपणामुळे. मी एकदा असं बोलून गेले तेव्हा प्रेमा हसली. तिला हसताना मी हल्ली तेवढंच पाहिलंय. खालच्या मजल्यावरची कुंदा मात्र स्वतःचा वाटा घेऊन वर म्हणते, "नवऱ्याचं नाव पुढे करून बायकोच खाते हो सगळं." मला या कुंदाच्या तोंडाला टाका घालावासा वाटतो. शिवणाच्या मशीनवर सोळा नंबरची सुई आहे माझ्याकडे.

खरी अडचण पुढेच आहे. डायलिसिसवाल्या माणसाला पाणी कमी, फळं कमी, भाज्यासुद्धा उकळून पाणी काढून टाकलेल्या, त्यात गोळ्यांचा मारा. पोट कसं साफ होणार? दत्ताराम सकाळी तास-तास संडासात बसायचा आणि बाहेर आला की घरावर उखडायचा. डॉक्टरांनी त्याला चालणारं औषध दिलं होतं, पण ते कधी लागू पडायचं, कधी नाही. आणि समोर डब्यांवर जगन्मान्य औषध.

"जगाची पोटं साफ करतेस, नवऱ्याचं नाही करायचं तुला," तो म्हणायचा.

"नाही चालत तुला."

"अर्धा दे. अर्ध्याने काय मरतोय मी?"

"नाही म्हटलं ना."

भिंतीतून सगळं ऐकू येतं आमच्याकडे. पाणी नाही, चटणी नाही, आंबा नाही, डाळ बेताची. रोज त्याच दोघांत तेच. तीस वर्षांच्या संसारात या बाईच्या वाट्याला शेवटी एकच शब्द उरला होता, नाही. मुलगी जान्हवी बोरिवलीला दिलेली, ती यायची, रडायची आणि जायची. राखण करायची ती एकट्या प्रेमाने. ज्याला राखायचं तोच डोळा चुकवून मीठ चाटतो म्हटल्यावर राखणारीने झोपायचं कधी? एकदा माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "वसुधा, मला आता कंटाळा आलाय गं. कामाचा नाही. नाही म्हणायचा."

मे महिन्यात दत्तारामचे थोरले भाऊ नाना कुडाळकडच्या गावाहून आले. नाना म्हणजे या घरात उंबराचं फूल, पाच-सहा वर्षांनी दिसणार. पण माणूस लाखातला. परळच्या गिरणीत असताना त्यांनीच दत्तारामला मुंबईत आणलं, आपल्या खोलीत ठेवलं, आपल्या ताटातलं खायला घातलं, कामाला चिकटवलं. गिरणी बंद पडली तसे ते गावी गेले. भावाची ती वाळलेली कुडी आणि हातावरची डायलिसिसने फुगलेली शीर बघून म्हातारा दारातच मटकन बसला.

प्रेमाने त्यांना सगळं नीट समजावलं. मी तिथेच होते. पाणी किती, कुठल्या कपाने, काय चालतं, काय नाही. नाना मान हलवत होते. पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, पाणी. त्यानंतर प्रेमा कामाला गेली की नाना भावाच्या उशाशी बसायचे. पाण्याचा तो कप स्वतःच्या हाताने भरायचे, थेंब जास्त पडू द्यायचे नाहीत. प्रेमा मला म्हणाली, "नाना आल्यापासून जरा बरं वाटतंय गं. कुणीतरी आहे घरात." आणखी एक नवल घडलं. दत्तारामचं पोट साफ व्हायला लागलं. चिडचिड गेली. संध्याकाळी दोघे भाऊ गॅलरीत बसून गावच्या जत्रेच्या गोष्टी करायचे. प्रेमा म्हणाली, औषध एकदाचं लागू पडलं. तिला आनंद झाला होता हो, त्याचंच मला वाईट वाटतं.

रविवार उजाडला. शुक्रवारच्या डायलिसिसनंतर सोमवारपर्यंत मध्ये दोन दिवसांचा गॅप असतो, आणि तोच वाईट. सकाळी दत्ताराम उठायला गेला तर पाय उचलेनात. "प्रेमा, पाय शिशाचे झालेत गं," एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं की असं झालं तर घरी थांबायचं नाही. तिने माझं दार ठोठावलं. आम्ही दोघींनी, नानांनी आणि खालच्या रिक्षावाल्याने त्याला उचलून रिक्षात घातलं.

हॉस्पिटलमध्ये छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी निघाली, आणि ती बघून सगळे एकदम पळायला लागले. इंजेक्शनं, मग तातडीने मशीन. आम्ही पडद्याबाहेर. नानांनी प्रेमाला हळूच विचारलं, "काय झाला गो ह्येका?"

"पोटॅशियम वाढलंय म्हणतात. काहीतरी खाण्यात आलंय."

नानांनी पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अंजीर दिलंय मी. पोटासाठी. रोज. काल जरा जास्तीच दिलंय." आणि घाईघाईने, जणू हे ऐकून ती खूश होईल अशा आवाजात, "पण पाणी नाय दिलंय हां. भिजवलेला पाणी सगळा ओतून टाकलंय. एक घोट दिलंय नाय."

म्हाताऱ्याने पाण्याचा नियम पाळला होता. मनापासून पाळला होता. हसावं की रडावं मला समजेना. प्रेमा त्यांच्याकडे बघत राहिली. ओरडेल असं वाटलं, मी असते तर ओरडलेच असते. एवढ्यात पडदा सरकवून डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, घामेजले होते.

"पेशंटला काय खायला घातलं?"

"अंजीर," प्रेमा म्हणाली.

"अंजीर? डायलिसिसच्या पेशंटला? कोणी दिलं?"

नानांनी हातातली पिशवी छातीशी धरली. मी तोंड उघडलं. प्रेमाने माझं मनगट असं दाबलं की बांगडी आत रुतली.

"मी दिले," ती म्हणाली. "पोट साफ होत नव्हतं त्यांचं. चुकलं माझं."

मग त्या डॉक्टरने तिला जे झापलं, ते सगळ्या वॉर्डाने ऐकलं. इतकी वर्षं सांगतोय तुम्हाला, अर्धा तास उशीर झाला असता तर बॉडी घेऊन गेला असता, नवरा नकोय का तुम्हाला? त्यालाही दोष देत नाही मी, त्याला काय माहीत. प्रेमा खाली मान घालून ऐकत होती. पडदा अर्धा उघडाच राहिला होता. पलीकडे मशीनला जोडलेला दत्ताराम टक्क डोळे उघडे ठेवून पडला होता. त्याच्या डोळ्यांच्या कडांनी पाणी कानात जात होतं. त्याला माहीत होतं ना. अंजीर कुणी भिजवले, कुणी मागितले आणि प्रेमा आली की वाटी कुठे लपवली, सगळं माहीत होतं.

संध्याकाळी नानांना वॉर्डात ठेवून परत येताना मी तिला रिक्षात फैलावर घेतलं. "कशाला गं घेतलंस अंगावर? तुझी काय चूक?"

"नानांना मरेपर्यंत तेच खात राहिलं असतं गं," ती म्हणाली. "भावाला आपण मारत होतो म्हणून. मला काय, मला सवय आहे बोलून घ्यायची." आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपली, पण नव्हती झोपली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला वाटलं होतं, चार दिवस कुणीतरी बघतंय."

दत्ताराम वाचला. घरी आला तो गप्प होऊनच. नाना गावी गेले, जाताना त्यांनी प्रेमाच्या डोक्यावर हात ठेवला. कुंदाने खाली जाहीर केलं की शेवटी बायकोनेच घातले खायला. प्रेमाने तेही ऐकून घेतलं. पुन्हा कामाला जायला लागली. पुन्हा तेच, उकळलेली भाजी, मोजलेलं पाणी. तिच्या चालण्यात आता असा जडपणा आला होता की जिना चढताना पावलं ऐकून मला कळायचं, आली.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी कारखान्यातला जुना सोबती हर्षद बायकोला घेऊन दत्तारामला बघायला आला. प्रेमाची सुट्टी होती. मी तिच्या ब्लाउजचं माप घ्यायला गेले होते, म्हणून स्वयंपाकघरात होते. तिने चहा टाकला. बाहेर पिशवीचा आवाज झाला आणि हर्षदचा उत्साही आवाज आला, "दत्तादादा, एकदम फ्रेश आणलेत बघ, सासवडचे. सीझनचे शेवटचे. अंजीर!"

प्रेमाने पातेल्यावर झाकण ठेवलं. पदराला हात पुसले. एक दीर्घ श्वास घेतला, नाही म्हणायला बाहेर जायच्या आधी ती घेते तसा. ती उंबऱ्याशी पोहोचली असेल नसेल, तेवढ्यात दत्तारामचा आवाज आला.

"परत ने रे ते."

"अरे, असू दे. वहिनींना होतील."

"परत ने. मला विष आहे ते. खाल्ले होते मी मागच्या महिन्यात, मागून खाल्ले, आणि माझ्यापायी तिने चारचौघांत बोलणी खाल्ली. घरात ठेवायचेच नाहीत. मी सांगतोय, ती नाही."

"दादा, एक तरी..."

"नको म्हटलं ना, हर्षद!"

प्रेमा उंबऱ्यातच थांबली. वळली नाही, बाहेरही गेली नाही. मग भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसली, पाय लांब केले, ओले हात मांडीवर तसेच. मला वाटलं रडेल. मी पाण्याचा पेला घेऊन वळले तर मान एका बाजूला कलली होती आणि तोंड जरासं उघडं. दुपारी, पाहुणे बाहेर बसलेले असताना, गॅस चालू असताना प्रेमा झोपली होती.

मी गॅस बंद केला, चहा गाळला आणि बाहेर नेऊन दिला. दत्तारामने आत बघितलं, मग माझ्याकडे.

"झोपली," मी म्हटलं.

हर्षद काहीतरी बोलायला लागला. दत्तारामने हात वर करून त्याला खूण केली, आवाज कमी कर म्हणून.