खाचेचा रंधा आणि आत्याची तपकीर

माझ्या आत्याला तपकिरीचं व्यसन होतं आणि माझ्या वडिलांना व्यसनांचा तिटकारा होता. दोघं सख्खी बहीणभाऊ, एकाच घरात राहणारी. आत्या वडिलांपेक्षा दोन वर्षांनी मोठी. विसाव्या वर्षीच कपाळ पांढरं होऊन ती माहेरी परतली, ती कायमची. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. घाटनांदुरापासून कोस-दीड कोसावर आमचं गाव, गावची पाटीलकी आबांकडे, त्यामुळे अख्खं गाव आबांना वचकून असे. आत्या मात्र त्यांना अरेतुरे करी आणि त्यांच्या पाठीमागे चिमूटभर तपकीर नाकात कोंबी.

आबा तपकीर हुडकून काढण्यात पटाईत होते. ज्वारीच्या कणगीत ठेवली, सापडली. चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली, सापडली. एकदा तर आत्याने पुडी गाईच्या गोठ्यात आढ्याला खोचली होती, तीही आबांनी काढली आणि एक अक्षर न बोलता उकिरड्यावर झटकली. ते बोलले असते तर आत्याला बरं वाटलं असतं. भांडणात तिला कुणी हरवू शकत नव्हतं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. सरकारी काम तेव्हा उर्दूत चाले म्हणून अंबाजोगाईला राहून उर्दू शिकून आलो होतो, तहसील कचेरीत नोकरी लागणार होती, आणि ती लागेपर्यंत सहा महिने ओसरीवर बसून होतो. एका दुपारी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. आबा शेतात गेले होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुझा बाप सगळं घर हुडकतो, पर एका जागी हात घालत न्हाई."

"कुठं?"

"सोताच्या पोथीखाली."

आबा रोज दिवेलागणीच्या आधी ओसरीवर पोथी वाचत. दहा-बारा माणसं ऐकायला येत. पोथी एका रुमालात बांधून पाटावर ठेवलेली असे. आत्याने सगळा विचार करून ठेवला होता. पोथीला एक छानशी पेटी करायची. पेटीला वर सरकतं झाकण, आणि खाली एक नव्हे, दोन तळ. वरच्या तळावर पोथी, दोन तळांच्या मधे दोन बोटं पोकळी, आणि त्या पोकळीत तपकीर. वरचा तळही झाकणासारखाच खाचेतून सरकेल, फक्त मागच्या बाजूने, म्हणजे कुणाला दिसणार नाही.

मी म्हणालो, मग सुताराला सांगू. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. सुताराला सांगितलं की सुतारीण ऐकणार, आणि सुतारणीने ऐकलं की आडावर पाणी भरणाऱ्या सगळ्या बाया ऐकणार. पेटी मीच करायची होती. नाहीतरी मी बसूनच होतो, हे तिने दोनदा सांगितलं. आईला यातलं काही कळू द्यायचं नाही असंही ठरलं, कारण आईला खोटं बोलता येत नसे आणि आत्या तो तिचा मोठाच दोष समजे.

सुतार पन्नाशीचा, अंगाने किडकिडीत, बोलायला तुटक. मारुतीच्या देवळामागे कडुलिंबाखाली त्याचं काम चाले. मी त्याला मामा म्हणत असे. मला सुतारकाम शिकायचंय म्हटल्यावर त्याने हातातली करवत खाली ठेवली.

"धाकलं पाटील, तुमाला रंधा कावून पायजे?"

मी सांगितलं की आबांच्या पोथीसाठी स्वतःच्या हाताने पेटी करायची हौस आहे. मग त्याने अट घातली. त्याला चार बाभळी तोडायचा सरकारी परवाना हवा होता, आणि त्याची अर्जी उर्दूत लिहून देणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. मी अर्जी अशी झोकदार लिहिली की परवाना पंधरा दिवसांत आला. तहसीलदाराला त्यातल्या अर्ध्या विशेषणांचा अर्थ लागला असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या दिवशी त्याने मला हत्याराला हात लावू दिला नाही. त्याने आपले दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले आणि मोजायला सांगितलं. दहा बोटं होती, सगळी शाबूत.

"सुतार किती शाना हाय ते त्याच्या कामावरून कळत न्हाई," तो म्हणाला. "बोटं मोजायची."

पुढचे आठ दिवस मी फक्त फळी पक्की बसवायला शिकलो. लाकडी ओंडक्यावर फळी ठेवायची, तिच्या दोन्ही अंगांना खुंट्या मारायच्या, मधे पाचर ठोकायची आणि मग फळीला लाथ घालून पाहायची. हलली तर पुन्हा पहिल्यापासून. फळी हाताने धरून हत्यार चालवणाऱ्याला तो माणसात धरत नसे. धोतराचा सोगा वर खोचायचा, लोंबतं उपरणं काढून ठेवायचं, पातं चालू असताना बोलायचं नाही आणि कुणी हाक मारली तर मान वळवायची नाही. बोथट पातं धारेच्या पात्यापेक्षा वाईट, कारण बोथटाला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात कुठे जाईल ते देवालाही ठाऊक नसतं.

मग त्याने खाचेचा रंधा दिला. साध्या रंध्यासारखाच, पण अरुंद. करंगळीच्या नखाएवढं पातं आणि बाजूला एक आडपट्टी. ती पट्टी फळीच्या कडेला घट्ट टेकवून ढकलत न्यायचं, की कडेपासून सारख्या अंतरावर सरळ खाच पडत जाते. ऐकायला सोपं. मी पहिल्यांदा ढकलला तेव्हा रंधा एखाद्या अडेल खोंडासारखा थांबला आणि माझी छाती त्याच्या दांडीवर आपटली. मामाने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि खरी गोम सांगितली. खाच जवळच्या टोकापासून सुरू करायची नाही. लांबच्या टोकाशी वीतभर चालवायची, मग थोडं मागे येऊन पुन्हा, मग आणखी मागे. असं उलटं येत येत आपल्यापाशी पोचायचं. म्हणजे पुढची वाट आधीच तयार असते, पातं भरकटत नाही. आणि एका वेळी कागदाएवढाच थर काढायचा.

आत्या रोज माझी भाकरी घेऊन यायची. भाकरी देऊन घरी जाण्याऐवजी लिंबाच्या सावलीत सुपात डाळ घेऊन निवडत बसायची. महिनाभरात तिने इतकी डाळ निवडली की आमच्या घरी एकही खडा उरला नाही. मामा तिच्याकडे कधी बघत नसे. मात्र घरी जाताना वाटेत ती मला शिकवी. तुझं कोपर वर उचलतंय. तू शेवटी घाई करतोस. आज तीनदा पाचर न ठोकता सुरू केलंस, त्याने दोनदाच पाहिलं.

लिंबाच्या फळ्यांवर हात बसल्यावर मामाने सागवानाच्या फळ्या काढून दिल्या. झाकणाच्या दोन खाचा मी त्याच्यासमोर पाडल्या. चांगल्या पडल्या. खालच्या दोन खाचा त्याच्यासमोर पाडता येणार नव्हत्या, कारण पोथीच्या पेटीला चार खाचा कशाला, हे त्याने विचारलंच असतं. आम्ही वाट पाहत राहिलो. एक दिवस तो कुणाच्या तरी लग्नासाठी सुतारणीला घेऊन घाटनांदुराला गेला, संध्याकाळी परत येणार होता. हत्यारं त्याने माझ्या भरवशावर ठेवली. तो गाडीत बसून वळणाआड गेला न गेला तोच आत्या डाळीचं सूप घेऊन हजर.

त्या दिवशी मी शिकलेलं सगळं विसरलो. पाचर ढिली होती, ती ठोकायचा कंटाळा केला आणि फळी डाव्या हाताने दाबून धरली. जवळच्या टोकापासून सुरुवात केली. पातंही जरा जास्तच खाली काढलं, दोन फेऱ्यांत काम उरकावं म्हणून. आत्या म्हणाली, "पाचर ठोक." मी चालू रंध्यावरच तिला उत्तर द्यायला मान वळवली. लाकडात एक गाठ होती. रंधा तिथे अडला, उसळला आणि आडवा येऊन माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसला. जाता जाता त्याने खाचेच्या काठाचा बोटभर ढलपाही उडवला.

रक्त पाहून मला घेरी आली. मी लिंबाला टेकून बसलो. आत्याने कनवटीची तपकिरीची डबी आधी जपून एका बाजूला ठेवली, मग सुतारणीच्या घरातून हळद आणली, जखमेत दाबली आणि आपल्या पदराची पट्टी फाडून बांधली. मला रागावली नाही. जखमेकडे एकदा आणि सूर्याकडे एकदा बघितलं. पहिली खाच ढलप्यासकट पडली होती, दुसरी अजून राहिली होती.

तिने पदर कमरेला खोचला. फळी ठेवली, खुंट्या मारल्या, पाचर ठोकली आणि फळीला जी लाथ घातली ती मामानेही कधी घातली नसेल. पात्याच्या पाचरीवर दोन टिचक्या मारून पातं वर घेतलं. मग लांबच्या टोकापासून सुरुवात केली. रंध्यातून भुशाऐवजी लांब, पातळ, गुंडाळलेली सालपटं निघू लागली. ती ना बोलली, ना तिने वर पाहिलं. मी काहीतरी म्हणालो, तर तिने रंधा थांबवला, उचलून बाजूला ठेवला, मगच माझ्याकडे वळून म्हणाली, "गप बस." अर्ध्या घटकेत खाच झाली. तिने बोट फिरवून पाहिलं, रंधा पुसून जागेवर ठेवला आणि सूप घेऊन सावलीत जाऊन बसली.

मामा परतायच्या आत फळ्या गोठ्यात नेऊन आम्ही पेटी जुळवली. ती पाहून आबा हरखले. मुलगा आळशी नाही, हा पुरावा त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दाखवला. आत्याने रात्रीच पुडी आत सरकवली. डबी वाजत होती म्हणून साध्या कागदाची पुडी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी पोथी काढली, नमस्कार केला, पहिली ओवी म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना शिंक आली.

आरंभाला शिंक म्हणजे विघ्न. आबांनी पोथी मिटली, पेटीत ठेवली, पाण्याचा घोट घेतला, पोथी पुन्हा काढली. पुन्हा शिंक. तिसऱ्यांदा त्यांच्याबरोबर पुढे बसलेले दोघे शिंकले. त्या दिवशी वाचन झालं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ओसरीवर रोजच्या दुप्पट माणसं जमली, पण ती पोथी ऐकायला आलेली नव्हती. कुणी म्हणालं पेटीला नजर लागली, तर कुणी लिंबू-मिरची बांधून गेलं. मी आणि आत्या एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. मी उडवलेल्या ढलप्याच्या जागी फट राहिली होती, आणि पोथी उचलली की त्या फटीतून बारीक पूड वर येत होती.

चौथ्या दिवशी आबांनी सुताराला बोलावलं. लाकूड दोषी आहे का ते बघ म्हणाले. मामाने पेटी मांडीवर घेतली आणि एकेका खाचेतून नख फिरवलं. ढलप्यापाशी थांबला. नाक जवळ नेलं आणि सणसणीत शिंकला. मग त्याने माझ्या अंगठ्याच्या पट्टीकडे पाहिलं, दारातल्या आत्याकडे पाहिलं आणि आबांना सांगितलं की लाकूड चांगलं आहे, एका खाचेत नवखेपणाची फट आहे, चार दिवस पेटी त्याच्याकडे द्यावी.

त्याने आम्हाला वाचवलंच होतं. पण आबांनी तोवर पेटी आपल्या मांडीवर ओढून घेतली होती आणि त्यांचं बोट मागच्या कडेवर गेलं होतं. त्यांनी पेटी तिरपी करून फळी ओढली. पुडी त्यांच्या मांडीवर पडली.

आबांनी पुडी उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी फळी पुन्हा आत सारली, पुन्हा ओढली, आणि मला विचारलं, "ही फुटकी खाच कुणाची?"

"माझी."

"आन् ही दुसरी?"

आत्या दारातून म्हणाली, "माझी हाय."

आबांनी तिच्या खाचेवरून दोनदा बोट फिरवलं. त्यांच्या मिशा हलल्या; हसू होतं की शिंक, ते मला अजून सांगता येणार नाही. "चोरी करायची तर दोघांनी सारखी तरी करावी," ते म्हणाले आणि पुडी मामाकडे देऊन, ही टाकून दे म्हणाले. मामाने ती मुकाट्याने आपल्या कमरेला लावली. आत्याला माझ्या फजितीपेक्षा ते जास्त लागलं.

शिक्षा म्हणून मला आणखी दोन महिने मामाकडे बसवलं आणि पेटी सबंध पुन्हा करायला लावली, एकाच तळाची. पुढच्या बाजाराला आबा घाटनांदुराला गेले होते. परत आल्यावर त्यांनी पागोट्यातून एक पुडी काढून चुलीपाशी आत्यासमोर ठेवली आणि हातपाय धुवायला निघून गेले. आत्या त्या पुडीकडे बराच वेळ संशयाने बघत होती. तपकीर महाग आणि चांगल्यातली होती. पण चोरून ओढण्यातली मजा गेली, असं ती पुढे वर्षभर कुरकुरत राहिली.

नोकरी लागून मी गाव सोडलं. पुढच्या दिवाळीला आलो तर माजघरात एक नवा चौरंग होता, कडेने दुहेरी खाच फिरवलेला, कोपऱ्यांत रेघा केसाइतक्या जुळलेल्या. आईला विचारलं तर ती म्हणाली मामाने दिला. मामाला विचारलं, तो म्हणाला असला चौरंग त्याने कधी केलाच नाही. आत्याला विचारायला गेलो तर ती परसात नव्हती, शेजारीही नव्हती. आई म्हणाली, डाळीचं सूप घेऊन मघाशीच मारुतीच्या देवळामागं गेली.