कव्हरकाकांचं काळं कोकरू

कव्हरकाकांनी जन्मभर गाण्यांच्या कॅसेटांची कव्हरं रंगवली, पण त्यांच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता. कोणी कारण विचारलं की म्हणायचे, "आधी गाणं ऐकलं तर कव्हर करायला हात उचलायचा नाही, पोरी. न ऐकता केलं की प्रेमानं होतं." आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसायचे की दातांत धरलेला ब्रश खाली पडायचा. दोन ब्रश हातात आणि तिसरा दातांत, ही त्यांची कामाची तऱ्हा होती. त्यामुळे ते बोलायला लागले की काम थांबायचं, आणि बोलणं तर त्यांना भारी आवडायचं.

हैदराबादेत काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या गल्लीत एका सेठचा छोटा ऑफसेट प्रेस होता. कोठी भागातल्या कॉम्प्युटर क्लासात सहा महिने घालवून मी तिथे कॉम्प्युटरवर बसायला लागले, ती वर्षं बाजार खुला झाल्याची होती. रोज काहीतरी नवं दुकानात यायचं आणि प्रेसवर त्याची जाहिरात छापायला यायची. कॅसेटा तर इतक्या निघत होत्या की ज्याला गळा होता त्याची निघायचीच, नव्हता त्याचीही निघायची. तेलुगू ख्रिस्ती गीतांच्या कॅसेटांची कव्हरं आमच्याकडे छापली जायची, आणि ती सगळी काका रंगवायचे. प्रेसच्या माळ्यावर घोंगडं अंथरून त्यांची बैठक असे.

काका उदगीरकडचे मराठी ख्रिस्ती. भेटल्यावर सगळ्यांना "सलाम" करायचे. तिकडच्या ख्रिस्ती लोकांची ती जुनी रीत आहे, पण आम्हाला काय माहीत? आमची आई एकदा डबा द्यायला प्रेसवर आली तेव्हा सलाम ऐकून तिने त्यांना मुसलमान ठरवलं, मग त्यांचं मराठी ऐकून ती चकित झाली, आणि शेवटी ते ख्रिस्ती आहेत कळल्यावर तिने हात टेकले. पुढच्या आठवड्यापासून मात्र माझ्या डब्यात त्यांच्यासाठी दोन पोळ्या जास्त येऊ लागल्या. काका त्या पोळ्या खाताना डोळे मिटून आधी प्रार्थना करायचे आणि शेवटी आईचं नाव घ्यायचे.

"ख्रिस्ती धर्माची तब्येत बघायची असंल तर देवळात जाऊ नको, कॅसेटच्या दुकानात जा," हे त्यांचं आवडतं वाक्य. देऊळ म्हणजे त्यांचं चर्च. एका दुपारी त्यांनी आपली जुनी-नवी कव्हरं माझ्या टेबलावर ओळीनं मांडली. सुरुवातीच्या कव्हरांवर डोंगर होता, डोंगरावर मोठा क्रूस होता आणि गाणाऱ्याचं नाव कोपऱ्यात मुंगीएवढं होतं. मग कोपऱ्यात उपदेशकाचा फोटो आला. मग फोटो मधे सरकला, क्रूस मागे गेला, फोटोतला माणूस कोट घालू लागला, हात वर करू लागला. शेवटच्या कव्हरवर मला क्रूस सापडेना. काकांनी भिंग दिलं. "टायपिन बघ," म्हणाले. खरंच, त्या साहेबांच्या टायपिनवर एवढासा सोनेरी क्रूस होता. "वीस वर्सांत प्रभू डोंगरावरनं टायपिनमंदी आला. आणखी दहा वर्सांनी कफलिंक." मी हसून हसून लाल झाले. काका हसले, पण मग कव्हरं गोळा करताना ते शेवटचं त्यांनी सगळ्यांच्या खाली सरकवलं. ते कव्हर त्यांनीच रंगवलं होतं ना.

पण त्यांना कशाचा बाऊ करणं जमायचं नाही. एकदा त्यांच्या मंडळीतली, म्हणजे त्यांच्या चर्चमधली, एक बाई रडत प्रेसवर आली. तिच्या मुलानं कोठीवरून कुठल्या तरी विलायती धांगडधिंग्याची कॅसेट आणली होती आणि तिच्यावर चक्क उलटा क्रूस. युवक सभेत कोणी तरी सांगितलेलं की असल्या कॅसेटा जाळायच्या असतात, नाहीतर सैतान घरात येतो. काकांनी चष्मा पुसून कव्हर नीट पाहिलं. "रंगाचं काम झकास आहे," हे पहिलं वाक्य. मग म्हणाले, "अगं, प्रभूचा शिष्य पेत्र, त्याला उलटाच क्रुसावर दिला म्हणतात. प्रभूसारखं सरळ मरायची आपली लायकी नाही, असं तोच म्हणाला. तुझं पोरगं नकळत पेत्राच्या मागं लागलंय. जाळू नको. आवाज तेवढा कमी ठेवायला सांग." बाई डोळे पुसत, थोडी हसत घरी गेली.

अशा या माणसाच्या मनात एकच गोष्ट सलत होती. सगळ्या हैदराबादच्या मंडळ्यांची कव्हरं त्यांनी केली, पण स्वतःच्या मराठी मंडळीची कॅसेटच निघाली नव्हती. मंडळी लहान होती, पेटी-तबल्यावर जुनी गीतं गाणारी. "एवढं एक कव्हर झालं की ब्रश धुऊन ठेवीन," असं ते म्हणायचे. आणि एका पावसाळ्यात ते धावतच जिना चढले. नवे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, आले होते, तरुण, उत्साही, बाहेरदेशी शिकून आलेले, आणि नाताळला मंडळीची कॅसेट काढायची असं त्यांनी ठरवलं होतं.

काकांनी त्या कव्हरवर महिनाभर घालवला. दुसऱ्यांची कव्हरं ते दोन दिवसांत करत. मला जवळ येऊ देईनात. एका सकाळी त्यांनी कागद उलगडला आणि मी बघतच राहिले. माळरान, पहाटेचा उजेड, आणि मधोमध उभं एक कोकरू. मानेमागे बारीक प्रकाशाचं कडं. कोकरू काळंभोर होतं, घोंगड्यासारखं काळं, ओल्या नाकाचं, आत्ता बें करील असं.

मंडळीच्या पंचांची बैठक झाली आणि काका पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. देवाचा कोकरा म्हणजे स्वतः ख्रिस्त, आणि तो काळा? पंच भडकले होते. रविवारच्या शब्बाथशाळेत मुलांना बायबल शिकवणाऱ्या बाई तर म्हणाल्या, मुलांना आम्ही काळ्या कागदाचं हृदय दाखवून पाप शिकवतो, पांढऱ्या कागदाचं दाखवून क्षमा, आता त्यांना काय सांगू? पाळकसाहेब सौम्यपणे म्हणाले, फक्त रंग बदला, बाकी चित्र सुंदर आहे. नाहीतर आपण माझा फोटो घालू. काकांनी उत्तर दिलं होतं, "साहेब, आमच्या गावच्या मेंढवाड्यात मी लहानाचा मोठा झालो. पांढरं कोकरू मी फक्त परदेशी कॅलेंडरवर बघितलंय."

आमचे सेठ व्यवहारी. "पेंटरसाब, सफेद कर दो ना. आपका क्या जाता?" काका म्हणाले, "नक्को सेठ. मेराच जाता."

आता माझं पाप सांगते. पंचांच्या चिटणिसांनी चित्र माझ्याकडे आणून दिलं. कॉम्प्युटरवर पांढरं करता येतं ना, म्हणाले. येत होतं. नवीन स्कॅनर होता, हात शिवशिवत होते, आणि तेवीस वर्षांच्या मुलीला आपण हुशार आहोत हे दाखवायचं असतं. दुपारभर बसून मी ते कोकरू पांढरंशुभ्र केलं. काका माळ्यावरून उतरले, माझ्या मागे उभे राहिले, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "सफाईनं केलंस. पण हे कोकरू मला वळखत न्हाई गं." आणि हळूहळू जिना चढून गेले. त्या दिवशी त्यांनी पोळ्या खाल्ल्या नाहीत. मला इतकी लाज फार थोड्या वेळा वाटली आहे.

छपाई नाताळच्या पुढे गेली, कारण पाळकसाहेबांना आता नाताळच्या नाटकाची घाई होती. त्यांनी ठरवलं होतं, बाळ येशूच्या गव्हाणीपाशी जिवंत कोकरू हवं. शहराबाहेर कुकटपल्लीच्या पुढे तेव्हा अजून माळ होता. तिथल्या एका मेंढपाळानं ऐन नाटकाच्या दिवशी कोकरू आणून दिलं आणि पैसे घेऊन तो निघून गेला. कोकरू अर्थातच काळं. दुसरं कुठून आणणार? शब्बाथशाळेच्या बाईंनी हार मानली नाही. त्यांनी पावडरचे दोन डबे त्याच्या अंगावर रिकामे केले. काकांनी मला नाटकाला बोलावलं होतं, मी मागच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले होते. पडदा उघडला तेव्हा गव्हाणीपाशी एक राखाडी, घमघमणारं, अतिशय दुःखी कोकरू उभं होतं.

काका मान खाली घालून गदगदत होते. रडतायत की काय म्हणून मी घाबरले, तर ते हसू दाबत होते.

देवदूत गाऊ लागले आणि कोकरू शिंकलं. पुन्हा शिंकलं. मग त्यानं डोक्यापासून शेपटापर्यंत असं अंग झाडलं की पावडरचा ढग उठला आणि मरिया, योसेफ, भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे मागी लोक आणि बाजूला उभे असलेले पाळकसाहेब सगळे त्यात दिसेनासे झाले. ढग विरला तेव्हा कोकरू काळं कुळकुळीत होतं आणि पाळकसाहेबांचा काळा सूट पांढरा. मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अगं बया, हे तर आपल्यातलंच हाय की!" आणि सगळी मंडळी हसत सुटली. लोक बाकांवर आडवे झाले. तबलजीला हसताना ठसका लागला. पाळकसाहेबांनी आपल्या सुटाकडे पाहिलं, कोकराकडे पाहिलं, आणि तेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग वाकून त्यांनी ते कोकरू उचललं आणि पुढचं अख्खं गीत त्याला कडेवर घेऊन म्हटलं. त्या दिवसापासून मला ते आवडायला लागले.

दुसऱ्याच दिवशी ते स्वतः प्रेसवर आले, माळा चढले आणि काकांच्या घोंगड्यावर मांडी घालून बसले. "पेंटरकाका, तुमचंच चित्र छापा. काल मी सात वेळा तोंड धुतलं, पण चुकलो हे त्याआधीच कळलं होतं." काकांनी त्यांचे हात धरले आणि ढसाढसा रडले. मी खाली जाऊन माझं पांढरं कोकरू पुसून टाकलं. पाळकसाहेबांचा फोटोही छापला आम्ही, आतल्या बाजूला, गीतांच्या यादीखाली, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तेवढी काकांची खोडी होतीच. आणि कॅसेट हातात आल्यावर काकांनी पहिल्यांदा टेपरेकॉर्डर विकत घेतला. "हे न ऐकता केलं नाही," म्हणाले, "ही गीतं तर मला पाठ आहेत."

पुढे कॅसेटा गेल्या, प्रेसही गेला. मी लग्न होऊन पुण्याला आले. काकांनी ब्रश धुऊन ठेवले, पण शब्बाथशाळेत जाऊन मुलांना चित्रकला शिकवू लागले, असं पत्रात लिहायचे. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी हैदराबादला गेले. देऊळ गच्च भरलं होतं. पाळकसाहेबांचे केस आता पिकले होते. त्यांना बोलताना दोनदा थांबावं लागलं. मला हुंदका आवरेना म्हणून मी शब्बाथशाळेच्या खोलीत जाऊन बसले. भिंतीवर मुलांनी रंगवलेली कोकरं चिकटवली होती, वीसपंचवीस असतील, सगळी काळी. त्या जुन्या बाई, आता म्हाताऱ्या, मला पाणी द्यायला आल्या. मी भिंतीकडे बघतेय हे पाहून त्यांनी टेबलावरचा रंगीत खडूंचा डबा उघडून दाखवला. पांढरे खडू सगळे नवेकोरे होते.

"दर महिन्याला काळे वेगळे आणावे लागतात," बाई म्हणाल्या. "पुरतच नाहीत."