पाय उचलल्यानंतर

पाय उचलल्यावर ब्रेक खरोखर सुटतो का, एवढाच माझा प्रश्न होता. वडिलांच्या जुन्या ट्रकचे ड्रम ब्रेक काढून दादाने मिस्त्रीकडून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेतले होते. दुसऱ्या दिवशी वहिनीला शेजारी बसवून तो घाट उतरणार होता. पेडल छान घट्ट लागत होते, आणि मला त्या घट्टपणाचाच संशय आला.

"मास्तर, तू देवळातला प्रसादही हुंगून खातोस," दादा हसला.

सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता आम्ही फेरी मारली आणि ट्रक आपोआप थांबू दिला. पुढच्या चाकाजवळ हात नेताच आच लागली. दादाचे हसू मावळले. ड्रम ब्रेकच्या नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. मिस्त्रीने ती तशीच ठेवल्यामुळे डिस्क सतत घासत होती. घाटात तापून ब्रेकने दगा दिला असता.

झडप काढून पुन्हा तशीच फेरी मारली, तेव्हा चाक गार राहिले. तरीही मी पुन्हा हात नेला.

"आता तरी सोड की रे!" दादा म्हणाला.

संशयानेही वेळेला धरावे आणि काम झाले की सुटावे. माझा सुटतो का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तुम्ही मात्र ब्रेक बदलले असतील, तर घाटाआधी चाकाजवळ स्वतः हात नेऊन पाहा.