मामीचा फोन

सुधारगृहातल्या मुलांना मी दर शनिवारी चित्रकला शिकवते. काल वर्गात समीर पुन्हा दिसला. चोरीबद्दल इथं राहून, दिवाळीत सुटून मामीकडे गेलेला हा मुलगा पुन्हा चोरी करूनच परत आला होता.

"का रे, परत?"

रंग कालवत तो म्हणाला, "ताई, मी पाणी प्यायला उठलो तरी मामी टेबलावरचा फोन उचलून घ्यायची. रोज. मग एक दिवस मीच आधी उचलला."

वर्ग संपेपर्यंत मला चैन पडेना. सतत संशयानं बघणाऱ्या नजरेसमोर राहून पोरगं शेवटी त्या नजरेसारखंच होत जातं का? की ही नुसती सबब? त्याच्या चेहऱ्यावरून मला काहीच ठरवता येईना.

निघताना फाटकाशी मामीच भेटली. त्याच्यासाठी डब्यात शिरा घेऊन आली होती. मी जरा रागानंच त्याचं बोलणं तिला सांगितलं. ती खाली बघत म्हणाली, "सुरुवातीला नव्हते हो उचलत. तेव्हाच पहिला फोन गेला."

"आता सुटून येईल," ती म्हणाली, "तेव्हा फोन कुठं ठेवू, तुम्हीच सांगा."