वाकळीचा घास

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, आईला माहीत नाही, आणि ज्या दोघींना माहीत असायला हवं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असतात तरी हे ऐकल्यावर ओळख ठेवली नसतीत. तर बसा. मी सरळ मुद्द्यावर येणार नाही हे आधीच सांगून ठेवते. मला ते जमत नाही.

मी मुंबईच्या फॅशन वीकमध्ये पडद्यामागे काम करते. रॅम्पवर चालणाऱ्या मुली तुम्ही बघता. त्यांना कपडे चढवणारी, उतरवणारी, खाली बसून त्यांच्या सँडलचे पट्टे बांधणारी माणसं तुम्हाला दिसत नाहीत. त्या माणसांत मी सुरुवात केली, आणि आता त्या सगळ्यांवर ओरडणारी बाई झाले आहे. मूळची मिरजेची. पण मुंबईत मी वर्षानुवर्षं पुण्याची म्हणून सांगत आले. नाही, कबुली द्यायची ती याची नाही. हा नुसता भित्रेपणा झाला.

मिरजेत आमच्या भिंतीला भिंत लागून हमीदाचाचीचं घर. चाची वाकळा शिवायची. वाकळ म्हणजे जुन्या साड्यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्यानं शिवलेलं पांघरूण — पुण्या-मुंबईकडे गोधडी म्हणतात तेच. खेड्यांतल्या बायका आपली जुनी इरकली लुगडी तिच्याकडे आणून टाकायच्या. शिवून झाली की शेवटचा कोपरा बंद करण्याआधी चाची आत भाकरीचा वाळका तुकडा ठेवायची. त्याला घास म्हणतात. वाकळ उपाशी ठेवली तर पांघरणाराही उपाशी राहतो, असं आमच्याकडे मानतात. चाचीच्या घरात मानत आणि आमच्याही. तुकडा कडक वाळवलेला असायचा, त्यामुळे त्याला ना वास यायचा ना काही.

चाचीची मुलगी रेहाना माझ्या वर्गात होती. आम्हा दोघींना टाका चाचीनंच शिकवला. रेहानाचा लांब आणि तिरका पडायचा. माझा हुबेहूब चाचीसारखा. ''माजा हात ह्या वैशालीत गेला,'' असं चाची येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि रेहाना तोंड फुगवून बसायची. मला ते आवडायचं का? फार आवडायचं. टाका चांगला पडतो याच्यापेक्षा रेहानाचं तोंड पडतं हे जास्त आवडायचं. तेव्हापासूनची मी अशीच आहे.

मी मुंबईला आले तेव्हा फॅशन वीक समुद्राजवळच्या एका मोठ्या हॉटेलात भरायचा. गालिचे, थंडगार हवा, आणि पहिल्या रांगेत परदेशी दुकानदार. ते वह्या घेऊन बसत, आवडलेल्या कपड्यावर खूण करत, आणि आमचे डिझायनर त्या पेन्सिलीकडे डोळे लावून उभे राहत. मग वर्षातून एकदाच्या ऐवजी दोनदा भरायला लागला — एक उन्हाळ्याचा, एक हिवाळ्याचा. मुंबईत हिवाळा कुठून आणायचा? पण लोकरीचे कोट घालून मुली घामाघूम होत आणि आम्ही मागे पंखे धरून उभ्या राहायचो.

नंतर सिनेमावाले आले. शेवटचा कपडा एखाद्या नटीनं घालायचा अशी पद्धत पडली, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात कपड्याबद्दल एक ओळ नाही, नुसती नटी. हॉटेल सुटलं, मैदानात तंबू आले, मग एका बंद पडलेल्या गिरणीत शो झाले. पुढे मोबाइल आले. पहिल्या रांगेतले दुकानदार मागे गेले आणि स्वतःचेच फोटो काढणारी मुलंमुली पुढे बसली. साथीच्या काळात तर रिकाम्या खुर्च्यांसमोर मुली चालल्या, कॅमेऱ्यासाठी. हे सगळं मी बघितलं, कुणाची तरी झिप ओढत. दरवेळी मला वाटायचं, आता माझी पाळी. मी शिवलेलं काहीतरी तिथे जाईल. दोनदा-तीनदा दाखवलंही. फार मुंबईचं वाटतं, म्हणाले. म्हणजे काय ते मला कळलं नाही.

आणि मग एके वर्षी अचानक खेडं फॅशनमध्ये आलं. हातमाग आणा, जुनं कापड आणा, टाका वाकडा पडला तरी चालेल — वाकडा पडला तर उत्तमच. ज्या माणसांनी वीस वर्षं गावाकडच्या गोष्टींना नाकं मुरडली, ती आता चिंधी हातात घेऊन डोळे मिटायला लागली. मीही त्यांच्याबरोबर नाक मुरडायला शिकले होते हो. मेहनतीनं शिकले होते.

रेहाना मिरजेतच राहिली होती. गल्लीतल्या बायका जमवून ती वाकळांचे लांब कोट करायला लागली. तिनं मला फोन करून विचारलं होतं, इथे कुणी बघेल का म्हणून. ''वाकळ कोण घालतंय गं इथं?'' मी हसून म्हटलं होतं. तिनं मग मला पुन्हा विचारलं नाही. परस्पर फॅशन वीकवाल्यांना कोटांचे फोटो पाठवले आणि तिची निवड झाली. नव्या डिझायनरांना चौघांत मिळून एक शो देतात, त्यातली एक जागा रेहानाला मिळाली. दिल्लीतल्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई खास तिचे कोट बघायला येणार होत्या. पसंत पडले तर गल्लीतल्या सगळ्या बायकांना वर्षभर काम. रेहानानं त्या बायकांना तसं सांगून ठेवलं होतं.

ती आली आणि तिनं सगळ्यांसमोर मला मिठीच मारली. ''वैशे! मिरजेची पोरगी कुठं पोचली बघा!'' आजूबाजूला माझे साहेब, माझ्या हाताखालच्या मुली. एकजण म्हणाली, ''पण मॅडम, तुम्ही तर पुण्याच्या ना?'' सगळे हसले. वाईट नव्हतं ते हसणं, सहज होतं. मीही हसले. पण त्या क्षणी मी ठरवलं. काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण काहीतरी करायचं हे ठरलं.

कसं करायचं ते तिनंच सांगितलं. चहा पिताना ती म्हणाली, कोटांचे शेवटचे कोपरे चाचीच शिवते, पण आत घास घालायचा नाही असं तिनं चाचीला बजावलं होतं. दुकानात महिनोन्‌महिने टांगायचे कपडे, आत अन्न कसं ठेवणार? चाची रुसली, जेवली नाही, पण ऐकलं. ''लय जीवावर आलं तिच्या,'' रेहाना म्हणाली, आणि हसली.

शोच्या आदल्या दिवशी दुपारी मुलींच्या अंगावर कोट घालून बघायचं काम संपलं. सगळे जेवायला गेले. किल्ल्या माझ्याकडे असतात. मी डब्यातली चपाती काढली, चहात साखर घालून त्यात बुडवली. वाळका तुकडा उपयोगाचा नव्हता, ओला आणि गोड हवा — मुंग्यांचा विचार मी नीट केला होता. कोटांचे कोपरे उसवले, आत तुकडे घातले, आणि शिवून टाकले. चाचीच्या टाक्यानं. वाईट वाटलं का? नाही. इतका सुबक टाका माझ्या हातून कित्येक वर्षांत पडला नव्हता. मी खूश होते. मग ते कपड्यांचं स्टँड मी ढकलत खाण्याच्या टेबलांमागच्या भिंतीला लावलं, जिथं मुंग्यांची रांग असते हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मुलीनं कोट चढवला आणि किंचाळली. लाल मुंग्या. मानेवर, काखेत, केसांत. तिनं कोट फेकला, दुसरीनं तिचा फेकला. कुणीतरी कात्रीनं कोपरा फाडला आणि आतून चपातीचा लगदा बाहेर आला. शो चालवणारे गृहस्थ ओरडले, बाकीच्यांच्या कपड्यांना लागायच्या आत हे सगळं बाहेर काढा. रेहानाचे सगळे कोट गाड्या लावतात तिथे नेऊन ठेवले. मीच माणसं बोलावून ते न्यायला लावले. आत गाणं सुरू झालं आणि बाकीच्या तिघांचा शो व्यवस्थित पार पडला.

चाची आली होती. शेवटच्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून, आपले कोट कधी येतात म्हणून वाट बघत बसली होती. तिला मागे बोलावलं. मायलेकी आपसात कायम त्यांच्या घरच्या हिंदीत बोलायच्या. त्या दिवशी रेहाना मराठीत बोलली — मला कळावं म्हणून. मी साक्षीदार होते ना.

''अम्मी, घास घातलास?''

''न्हाई गं. तू नगं म्हणालीस, मी न्हाई घातला.''

''मग ह्ये काय हाय?''

चाचीनं तो लगदा हातात घेतला, बघितला. ''ही चपाती हाय. मी चपाती कशाला घालीन? मी भाकरीच घालते. तुज्या गळ्याची आण, न्हाई घातला.''

भाकरी आणि चपातीतला फरक! तिथं तो कुणाला ऐकायचा होता? रेहानानं कोपरा माझ्यासमोर धरला. ''वैशे, तू सांग. टाका कुणाचा हाय?''

आता आले मी मुद्द्यावर. मुंग्या, चपाती, हे सगळं मत्सरापोटी केलं असं म्हणता येईल, आणि मत्सर कुणाला नसतो? पण त्या क्षणी मला गप्प बसता आलं असतं. माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. चाची माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही काळजी नव्हती. ही आपली पोरगी आहे, ही खरं सांगेल, याची तिला खात्री होती. मी कोपरा उजेडात धरला. मुद्दाम वेळ घेतला. मग म्हटलं, ''टाका चाचीचाच आहे.''

चाचीनं कोपरा माझ्या हातातून घेतला आणि बोट फिरवत राहिली. टाका तिचाच दिसत होता. तिला स्वतःलाही तो ओळखू आला.

दिल्लीच्या बाई स्वच्छतेबद्दल दोन शब्द बोलून निघून गेल्या. गल्लीतल्या बायकांनी चाचीशी बोलणं टाकलं. रेहानानं बोलणं टाकलं नाही, पण जे बोलली ते ऐकून वाटलं, टाकलं असतं तर बरं. पुढच्या मोसमात एका नामांकित डिझायनरनं गोधड्यांचे कोट आणले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि कोट चढवायला मी होते. आता तर गोधडीही मागे पडली. यंदा काथ्या आहे म्हणे.

रेहाना हल्ली मिरजेतल्या दवाखान्यांसाठी ऑपरेशनचे गाऊन शिवते. एकाच हिरव्या रंगाचे, थप्प्याच्या थप्प्या. मागच्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेले. का गेले विचारू नका. कदाचित बघायला गेले. चाची खाटेवर बसली होती. ''व्हय गं वैशाली,'' ती आपण होऊन म्हणाली, ''मीच घातला आसंल. हाताला सवय. कवा घातला ते ध्येनात न्हाई.'' रेहाना आतून म्हणाली की अम्मीचं आता डोकं चालत नाही. तिला गॅसपाशी जाऊ देत नाहीत, बाजारात एकटी सोडत नाहीत. दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, तसं काही दिसत नाही. पण घरात कुणाचा विश्वास बसत नाही, आणि सगळ्यात कमी चाचीचा. हे त्या कोटांपासून सुरू झालं, असं रेहाना म्हणाली.

मी काय म्हटलं असेन? ''वयोमानानं होतं असं, चाची.'' असं म्हटलं. तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं.

सुई तिच्याकडून काढून घेतली आहे. फक्त उशांचे अभ्रे शिवायला देतात, तेही कुणीतरी समोर असताना. माझ्यासमोर तिनं एक अभ्रा संपवला, दोरा दातानं तोडला, आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. कोपरे चाचपून बघ म्हणाली, आत काही राहिलं नाही ना. मी चारही कोपरे चाचपले. काही नाही, म्हटलं. तिनं पुन्हा एकदा बघायला सांगितलं. मी पुन्हा बघितलं.