सुनेचा हात

लकव्यानं ह्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दोन वर्षं मीच त्यांची कूस बदलली, मग माझाच खुबा मोडला. मुलगा बीरगांवच्या कारखान्यात; खाडे केले तर काम जाईल. घरात सून तेवढी, आणि सासऱ्याला हात लावायचा नाही, हे तिला मीच शिकवलेलं. आठ दिवसांत ह्यांच्या पाठीला जखमा पडल्या. शेजारच्या खाटेवरून मी म्हटलं, "धर त्यांले, कुशीवर कर."

ती दारातच उभी. "तुम्हीच तर नाही म्हणल्या होत्या, आई."

"तेव्हा मी चालून राहिली होती."

तिनं पदर खोचून ह्यांना वळवलं. ह्यांनी डोळे घट्ट मिटले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा तिलाच हाक मारली. दुसरं कोण होतं?